पांढरी मुळी आणि रिफिलएवढे भोक

सांगोल्याकडच्या एका बांधावर डाळिंबाच्या खोडांचा ढीग पडला होता. बाग उपटून वर्ष झाले असेल. सरपणाला होतील म्हणून खोडे बांधाला लावून ठेवलेली. त्यातले मनगटाएवढे एक खोड उचलून मी उन्हात धरले. सालीवर बारीक भोके होती. पेनच्या रिफिलचे टोक जेमतेम जाईल एवढी, पण ड्रिलने पाडल्यासारखी गोल. खोड दगडावर आपटले तसा पिठासारखा भुसा खाली सांडला.

ज्याची बाग होती तो तिशीतला शेतकरी शेजारीच उभा होता. त्याच रानात आता त्याला ॲव्होकॅडो लावायचा होता. रोपांची चौकशी झाली होती, ठिबक जुनेच वापरायचे ठरले होते. त्याचा प्रश्न एकच होता, "काका, पहिली फवारणी कशाची घ्यायची?"

हा प्रश्न का येतो ते समजण्यासारखे आहे. सोलापूरच्या डाळिंबवाल्याला रोग म्हणजे काय ते आधी तेल्याने शिकवले. २००२-०३ च्या सुमारास तेल्या महाराष्ट्रात पसरला आणि त्याने बागांची झोप उडवली. झँथोमोनास नावाचा हा जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पानावरून फळावर जातो. तेलकट डाग पडतो, फळ तडकते. २००५ मध्ये सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभे राहिले. बाग स्वच्छ ठेवणे, झाडांना विश्रांती देणे, योग्य बहार निवडणे हे सगळे तिथून सांगितले गेले. पण सर्वांत पक्के मनात बसले ते फवारणीचे वेळापत्रक. रोग पानावर दिसतो, औषध पानावर मारायचे. मात्र बांधावर पडलेली ती बाग तेल्याने गेली नव्हती. ती आतून गेली होती.

ती भोके पाडणारा भुंगेरा मोहरीच्या दाण्याएवढा, दोन मिलिमीटरच्या आसपास. सांगोला, पंढरपूर, आटपाडीच्या पट्ट्यात त्याला पिनहोल बोरर किंवा शॉट होल बोरर म्हणतात; कुणी नुसतेच खोडकिडा म्हणतो. युवालासिया फॉर्निकॅटस हे त्याचे शास्त्रीय नाव. या नावाखाली पूर्वी एकच किडा धरला जाई; आता शास्त्रज्ञ त्या गटात चार वेगळ्या जाती मानतात. १८६८ मध्ये त्याचे वर्णन झाले ते श्रीलंकेतल्या नमुन्यावरून, आणि तिथल्या चहाच्या मळ्यांना त्याने पुढे पिढ्यान्‌पिढ्या छळले.

त्याची खरी गंमत अशी की तो लाकूड खातच नाही. मादीच्या जबड्यापाशी बारीक पिशव्या असतात. त्यांतून ती बुरशीचे बियाणे आणते, खोडात बोगदा कोरते, बोगद्याच्या भिंतींवर ती बुरशी पेरते आणि उगवलेले पीक स्वतः खाते, अळ्यांनाही तेच मिळते. म्हणजे तोही शेतकरीच. बोगद्यातल्या बहिणी तिथेच भावांशी मीलन करून बाहेर पडतात, त्यामुळे नवी वसाहत वसवायला एकच मादी पुरते. झाड सुकते ते मुख्यतः बुरशीमुळे. ती पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वाढते आणि वरच्या फांदीपर्यंत पाणी जाईनासे होते. डाळिंबात याच्या जोडीला मर रोगाची सेरॅटोसिस्टिस ही दुसरी बुरशी असते. दोन्ही एकत्र आले की बागेत एक झाड पिवळे पडते, मग त्याच्या शेजारचे, आणि बघता बघता अख्खी ओळ.

आता ॲव्होकॅडोकडे येऊ. २००९ मध्ये इस्रायलच्या ॲव्होकॅडो बागांत फांद्या वाळू लागल्या. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळच्या एका घरच्या ॲव्होकॅडोवर तेच दिसले. दोन्हीकडे सापडला तो याच गटातला भुंगेरा आणि त्याने पाळलेली फ्युजॅरियम बुरशी. म्हणजे ज्या किड्याच्या गोतावळ्याने सांगोल्याचे डाळिंब उपटायला लावले, त्यालाच आपण नव्या झाडाचे ताट वाढून देणार आहोत. ॲव्होकॅडोवर त्याची खूण ओळखायला सोपी आहे. भोकाभोवती पांढरी, साखरेसारखी पूड जमते. झाडाच्या रसात पर्सिटॉल नावाची साखरेच्या जातीची वस्तू असते. जखमेतून रस झिरपतो, वाळतो आणि त्याची पांढरी कड धरते. पावसाने ती धुऊन जाते, म्हणून पाहायची ती पाऊस उघडल्यावर चार-आठ दिवसांनी. बोटाने पूड झाडली की खाली तेच रिफिलएवढे भोक दिसते.

या भुंगेऱ्यावर पानावरची फवारणी काय करणार? तो लाकडात बसलेला आहे. खोडाला गेरू आणि शिफारशीतल्या औषधांचा लेप द्यायची पद्धत डाळिंबात आहे आणि ती चांगली आहे. पण लेप भुंगेरा आत शिरण्याआधी द्यायचा. शिरल्यानंतर फांदी कापायची आणि कापलेले लाकूड नाहीसे करायचे. कॅलिफोर्नियात असे लाकूड बारीक चिरून त्याचे तुकडे पारदर्शक प्लॅस्टिकखाली भर उन्हाळ्यात सहा आठवडे तापवतात. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे काम तर फुकटात होईल. बांधावर सरपण म्हणून रचलेला ढीग मात्र किड्याचे वसतिगृह आहे. लाकूड ओलसर असेपर्यंत त्यातली बुरशीची शेती चालू राहते आणि नव्या माद्या भोकातून बाहेर पडत राहतात.

पण भुंगेरा झाडाकडे येतोच का, हे त्याहून महत्त्वाचे. मुळांभोवती पाणी साचले की त्यांना हवा मिळत नाही. हवा नसताना मुळाच्या पेशी साखर आंबवून जगतात आणि त्यातून इथेनॉल, म्हणजे साधा अल्कोहोल, तयार होतो. तो रसाबरोबर वर चढतो आणि सालीतून हवेत उडतो. लाकडात बुरशी पेरणाऱ्या पुष्कळ भुंगेऱ्यांना या वासाने झाड सापडते. आतून थकलेले झाड त्यांना लांबूनच कळते. इस्रायल आणि कॅलिफोर्नियात हा किडा धडधाकट झाडांवरही गेला आहे, त्यामुळे निरोगी झाड कायमचे सुरक्षित असे कुणी समजू नये. तरी आपल्याकडच्या डाळिंबात तो ताणातल्या झाडावर आधी बसतो, हे बागवाले स्वतःच सांगतात. १४ ऑक्टोबर २०२० चा पाऊस सोलापूर जिल्हा विसरलेला नाही. पंढरपुरात चंद्रभागेचा पूर आला, रानांत दिवसेंदिवस पाणी उभे राहिले. त्यानंतरच्या दोन वर्षांत सांगोल्यात ज्या बागा निघाल्या त्यांत पाणथळ तुकड्यातल्या बागांचे हाल मी जास्त पाहिले.

म्हणून मी त्या तरुणाला म्हणालो, "फवारणीचे मागून बघू. आधी पांढरी मुळी कुठे चालणार ते सांग."

पांढरी मुळी हा शब्द द्राक्ष आणि डाळिंबवाल्यांना समजावून सांगावा लागत नाही. मुळी चालली की बाग चालली. ॲव्होकॅडोची पांढरी मुळी मात्र आपल्या ओळखीच्या झाडांपेक्षा फार नाजूक असते. ती जमिनीच्या वरच्या वीत-दीड वीत थरातच राहते आणि तिला पाणी शोषणारे केसासारखे तंतू जवळजवळ नसतातच. मूळ गाव मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले पावसाळी जंगल; तिथे पालापाचोळ्याच्या भुसभुशीत थरात मुळी पसरायची, खोल जायची गरजच पडली नाही. आपल्या देशातही हे झाड रुळले ते कूर्ग, निलगिरी, वायनाड, सिक्कीम अशा डोंगरउतारांवर. सोलापुरात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर आणि खाली काळी, चुनखडीची, पाणी धरून ठेवणारी भारी जमीन. हे झाड इथे परके आहे, आणि ते समजूनच लावायला हवे. पहिल्याच वर्षी पाच एकर लावणाऱ्याला मी तरी अर्धा एकरच लाव म्हणेन.

मुळीचा शत्रू म्हणजे मुळकुज आणणारा फायटोफ्थोरा सिनॅमोमी. फायटोफ्थोरा या ग्रीक नावाचा अर्थच वनस्पतींचा नाश करणारा. त्याची भावंडे आपल्या घरात आहेत: नागपूरच्या संत्र्याचा डिंक्या, कोकणातल्या सुपारीचा कोळेरोग, आणि १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाटा कुजवून लाखो माणसांना उपाशी मारणारा करपा. सिनॅमोमी हे नाव दालचिनीवरून आले. १९२२ मध्ये सुमात्रातल्या दालचिनीच्या झाडांवर तो पहिल्यांदा सापडला. ॲव्होकॅडो हा दालचिनी, तमालपत्र आणि कापराच्या कुळातलाच.

याला आपण सवयीने बुरशी म्हणतो, पण ती खरी बुरशी नव्हे. समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी तिचे नाते जवळचे आहे. खऱ्या बुरशीची भिंत कायटिनची असते, हिची सेल्युलोजची. म्हणूनच बरीच नेहमीची बुरशीनाशके तिच्यावर फुकट जातात. तिचे बीजाणू दोन शेपट्यांच्या जोरावर पाण्यात पोहतात आणि मुळीतून झिरपणाऱ्या रसाचा माग काढत तिच्यापर्यंत पोचतात. पोहायला पाणी लागते. रान वाफशावर असेल तर हा शत्रू पांगळा. ठिबक रात्रभर चालू राहिले की त्याला रस्ता मोकळा.

आज जगात विकला जाणारा बहुतेक ॲव्होकॅडो हास जातीचा असतो. त्या जातीचे पहिले झाड कॅलिफोर्नियातल्या ला हाब्रा हाइट्स इथे रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनने १९२६ च्या सुमारास बी पेरून वाढवले आणि १९३५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. जगभरातले हासचे प्रत्येक कलम त्या एका झाडाच्या डोळ्यापासून आलेले आहे. ते मूळ झाड वाचवायला लोकांनी वर्षानुवर्षे धडपड केली. शेवटी ते मुळकुजीनेच गेले. सप्टेंबर २००२ मध्ये तोडावे लागले. एवढ्या मोलाच्या झाडाला एवढी काळजी घेऊनही मुळी एकदा गेल्यावर परत आणता आली नाही.

मुळकुज ओळखण्यात आपला माणूस नेमका कुठे चुकतो तेही सांगतो. पाने लहान, फिकट होतात आणि दुपारी माना टाकतात. झाड तहानलेले दिसते, म्हणून पाणी वाढवले जाते. प्रत्यक्षात खालची माती ओलीच असते. पाणी आहे, पण ते उचलायला मुळी नाही. वाढवलेले पाणी उरलेली मुळीही संपवते. बुंध्यापासून दोन फुटांवर पालापाचोळा बाजूला करून बोटाने माती उकरायची. निरोगी मुळी पांढरी-पिवळसर आणि लवचिक असते. कुजलेली काळी असते आणि चिमटीत धरताच तुटते. हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. पंधरवड्यातून एकदा चार झाडांखाली असे हात घालणारा माणूस महागड्या सल्लागारापेक्षा लवकर शहाणा होतो.

दुसरी गफलत क्षारांची. ॲव्होकॅडोला क्लोराइड अजिबात सोसत नाही, आणि सोलापुरातल्या कितीतरी बोअरचे पाणी जड आहे. जुन्या पानांचे शेंडे तपकिरी होऊन कडा आत आत जळत येतात. हा करपा समजून औषधे मारली जातात. रोगाचे डाग पानावर कुठेही, वेडेवाकडे पडतात; क्षाराने जळलेले पान टोकाकडून शिस्तीत मागे सरकते आणि बागेतल्या बहुतेक झाडांवर सारखेच दिसते. लागवडीआधी पाणी आणि माती तपासून घेतली तर पुढच्या कैक फवारण्या वाचतात. द्राक्षवाल्यांनी क्षारपड रानासाठी डॉगरिज खुंट धरला, तसाच विचार इथेही लागतो. ॲव्होकॅडोच्या तीन मूळ वंशांपैकी वेस्ट इंडियन वंश क्षार सर्वांत जास्त सोसतो, मेक्सिकन सर्वांत कमी. मुळकुजीला दाद न देणारे ड्यूक ७ आणि डुसा असे खुंट कॅलिफोर्निया आणि दक्षिण आफ्रिकेत निवडले गेले. कलम विकणाऱ्याला हासचा डोळा कुठला हे सगळे विचारतात, पण खाली खुंट कशाचा आहे हे क्वचितच कुणी विचारते. तो सांगता येत नसेल तर रोप घेऊ नये.

रोपवाटिकेचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. सनब्लॉच नावाचा रोग विषाणूहूनही लहान अशा घटकाने होतो. त्याला व्हायरॉइड म्हणतात आणि त्याची सगळी संहिता अवघ्या २४७ अक्षरांची आहे. तो कलमातून, बियांतून, छाटणीच्या कात्रीतून जातो. काही झाडांवर त्याचे एकही लक्षण दिसत नाही आणि तीच झाडे जास्त घातक, कारण त्यांच्या बियांतून तो जवळजवळ प्रत्येक रोपात उतरतो. त्यावर औषध नाही. अनोळखी ट्रकमधून आलेली स्वस्त रोपे म्हणूनच महागात पडतात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे कूर्गमधल्या चेट्टळ्ळीला केंद्र आहे आणि तिथे ॲव्होकॅडोवर काम चालते. चौकशीची सुरुवात अशा ठिकाणापासून करावी.

मुळकुजीवर खरा तोडगा लागवडीच्या दिवशी ठरतो. सपाट रानात खड्डा घेऊन रोप बसवले की भारी जमिनीत तो खड्डा म्हणजे हौद होतो. दीड-दोन फूट उंच, रुंद गादीवाफा, त्याला उतार, बाजूने चर. रोपाची मान मातीत पुरायची नाही. वर जाड आच्छादन. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या टॅम्बोरिन डोंगरावर एका बागेत मुळकुजीचा जंतू असूनही झाडे टवटवीत होती. तिथला बागवान वर्षानुवर्षे जमिनीवर सेंद्रिय पदार्थाचे थर देत होता. पुढे संशोधकांनी कोडे उलगडले. कुजणाऱ्या आच्छादनातले सूक्ष्मजीव लाकूड, काड्या पचवायला सेल्युलेज हे विकर सोडतात, आणि फायटोफ्थोराची भिंत सेल्युलोजचीच! पालापाचोळा पचवताना ते शत्रूचेही कवच विरघळवतात. खऱ्या बुरशा मात्र वाचतात. सोलापुरात उसाचे पाचट जाळून धूर करणाऱ्यांनी ते ॲव्होकॅडोच्या वाफ्यावर अंथरून पाहावे. बुंध्यापासून वीतभर जागा तेवढी मोकळी ठेवावी. त्यात ट्रायकोडर्मा मिसळलेले शेणखत दिले तर उत्तमच.

ऑस्ट्रेलियातूनच ऐंशीच्या दशकात दुसरी युक्ती आली: खोडात फॉस्फोनेट टोचायचे. झाडात दिलेली बहुतेक औषधे पाण्याबरोबर वरच चढतात. हे मात्र पानात तयार झालेल्या अन्नाच्या वाटेने खाली मुळीपर्यंतही जाते आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागवते. त्याच घराण्यातले फोसेटिल अल्युमिनिअम द्राक्षवाल्यांना डाऊनीमुळे ठाऊक आहे. दुकानात फॉस्फोनेट आणि फॉस्फेट यांची सरमिसळ होते. फॉस्फेट हे खत आहे, त्याने हा रोग हटत नाही. औषध मुळी फुटायच्या वेळी दिले तर मुळीत उतरते, कोवळ्या पालवीच्या वेळी दिले तर पालवीच ते ओढून घेते. मात्रा आणि लेबल क्लेम मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्यावे.

पानावरच्या किडींना मी इथे फार जागा देत नाही. थ्रिप्स, लाल कोळी, पिठ्या ढेकूण, खवले कीड. मिरची, द्राक्ष, डाळिंब करणाऱ्याला यांची चांगली ओळख आहे. मित्रकिडी राखल्या, धुळीच्या रस्त्याकडेची झाडे धुतली, तर त्या बहुधा आटोक्यात राहतात. सोलापुरात त्याहून मोठी काळजी उन्हाची. कोवळ्या खोडाची साल भाजली की ती तडकते आणि तडकलेल्या जागी बुरशीला घर मिळते. पहिली दोन वर्षे खोडाला चुन्याचा हात आणि पश्चिमेकडून सावलीची जाळी द्यावी.

फळाचा एकच रोग सांगायला हवा, कारण त्याची चाल विलक्षण आहे. अँथ्रॅक्नोजची बुरशी फळ झाडावर असतानाच सालीत शिरते आणि महिनोन्‌महिने गप्प बसते. कच्च्या सालीत डायीन नावाचे द्रव्य असते, ते तिला रोखून धरते. ॲव्होकॅडो झाडावर पिकत नाही, तोडल्यावर पिकतो. पिकताना डायीन घटत जाते आणि बुरशी जागी होते. म्हणून तोडणीला निर्दोष दिसलेले फळ पुण्या-मुंबईच्या दुकानात काळे पडते आणि दोष गाडीवाल्याला लागतो. वाळक्या काड्या झाडात राहू न देणे, झाडात हवा खेळती ठेवणे, देठ ठेवून तोडणी आणि लगेच थंडावा, हे त्यावरचे काम; आणि ते पावसाळ्यात सुरू होते, पेटी भरताना नव्हे.

आम्ही त्या रानात दोन खड्डे घेतले, दोन-दोन फुटांचे. एक खाली ओढ्याच्या अंगाला, जिथे डाळिंब आधी मेले होते. दुसरा वरच्या मुरमाड पट्ट्यात, जिथली झाडे शेवटपर्यंत तग धरून होती. दोन्ही पाण्याने भरले, जिरू दिले, पुन्हा भरले. संध्याकाळ झाली होती, म्हणून मी त्याच्या वस्तीवरच राहिलो. सकाळी चहाआधी आम्ही बघायला गेलो. वरच्या खड्ड्यात तळाला नुसता ओलावा होता. खालच्या खड्ड्यात पाणी हातभर उभे होते आणि त्यावर रात्रीचे किडे तरंगत होते. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग त्याने बैलगाडी काढली, बांधावरचा ढीग भरला आणि खालच्या पट्ट्यात, उघड्यावर, तो पेटवायला नेला.